किंमत शून्य

नोव्हेंबर. तानारो नदीवरचं धुकं
टेकडी चढून थेट अंगणात येऊन बसलेलं.
नोटरी गालेझिओ साहेबांची बॅग माझ्या हातात,
दारात दोन बहिणी,
दोन वेगळ्या पायऱ्यांवर.

एराल्दो गेला सप्टेंबरात, तोडणीच्या ऐन तोंडावर.
बिनलग्नाचा भाऊ. मागे घर, हेझलनटची बाग,
एक ट्रॅक्टर,
आणि बारा वर्षं एकमेकींशी न बोललेल्या
सेकोंदीना आणि क्लोतील्दे.

मी लिहीत गेलो:
कपाट, अक्रोडाचं, एक.
तांब्याची पातेली, सहा, पैकी एकाला कान नाही.
तळघरात बाटल्या, अडतीस. लेबलं नाहीत.
गोगलगायींनी खाल्ली, क्लोतील्दे म्हणाली माझ्याकडे बघून.
उंदरांनी, सेकोंदीना म्हणाली भिंतीकडे बघून.

साल कळल्याशिवाय किंमत काय मांडणार?
उघड एक, साहेब म्हणाले.

बूच निघालं तुकड्यातुकड्यानं,
शेवटचा भुगा मी चिमटीनं काढला.
चार पेले.
मधोमध डाळिंबी, कडेला विटकरी,
आणि अगदी काठाशी जवळजवळ चहा.
वास बंद खोलीचा,
ओल्या पोत्याचा, गंजल्या बिजागरीचा.
साहेबांनी घोट गालांत फिरवला आणि बादलीत थुंकला.
"लिही. लाल वाईन, अडतीस नग,
शिर्का झालेली. किंमत शून्य."
लिहिलं. शाईनं.

मग कपाटावरून जुंपली.
आईनं ते कुणाला कबूल केलं होतं,
कुणाच्या लग्नात, कुणाच्या देखत.
"तिला सांगा," एक म्हणे. "तिला विचारा," दुसरी.
साहेब टपालासारखे इकडून तिकडे.
मला लिहायला काही नव्हतं.
पेल्याशेजारी नुसता बसून होतो,

तेव्हा तो आला.
आधी गुलाब, वहीत दाबून विसरलेला.
मागोमाग उन्हात मऊ पडलेलं डांबर.
पाचोळा. अळंबी. घामानं काळा पडलेला चामडी पट्टा.
शेगडीवर टाकलेली संत्र्याची साल.
मी नोकरीची पर्वा न करता घोट घेतला.
तुरट होती, अजूनही,
हिरड्यांना धरून राहिली
आणि मग सावकाश, एकेक बोट सोडवत, सुटली.
मुरणं हा शब्द मी लोणच्यासाठी वापरायचो,
फार तर साहेबांसाठी.

"बाई," मी म्हणालो, "जरा बघता का?"

सेकोंदीनानं पेला नाकाशी नेला
आणि वाक्य अर्ध्यात राहिलं.
ते बघून क्लोतील्देनं आपला उचलला.
घड्याळ ऐकू येऊ लागलं.

"गारपिटीचं साल," सेकोंदीना म्हणाली.
भिंतीला नाही म्हणाली.
"एराल्दो पाय मोडून पडलेला."
"आपण दोघींनीच तोडली. उरली होती तेवढी."
"तू कात्री हरवलीस."
"तू हरवलीस. मी दातांनी देठ तोडले."
"हो. ओठ काळे झाले होते तुझे.
आई म्हणाली, ही कुणाचा मुका घेऊन आली?"

साहेबांनी पुन्हा घोट घेतला. या खेपेला बादली दूरच राहिली.
चष्मा पुसला. माझ्या यादीवरून बोट फिरवत
त्या शून्याशी थांबले.
मी खोडायला पेन उचललं.
"राहू दे," म्हणाले,
"कागदावर खाडाखोड बरी दिसत नाही."
आणि हा माणूस
गेल्या महिन्यात एका कोंबडीसाठी
मला सबंध पान पुन्हा लिहायला लावणारा.

तासाभरात ती उतरली.
गुलाब गेला, डांबर गेलं,
थोडं लोखंड राहिलं आणि गोडसर धूळ.
तळाला गाळ, चहाच्या चोथ्यासारखा.
क्लोतील्देनं तोही बोटानं पुसून चाटला.

शून्य किमतीच्या वस्तूची वाटणी कायदा करत नाही,
ती ज्यांची त्यांनी करायची.
"सदतीस उरल्या," सेकोंदीना म्हणाली.
क्लोतील्देनं बोटांवर मोजून बघितलं.
"विषम आहे."
"विषमच आहे."

मी बॅगेचं कुलूप लावत होतो.
मागे तळघराच्या पायऱ्यांवर
कुणीतरी कुणाला तरी सांभाळून उतर म्हणत होतं.